अंत्युखियातली पंगत

मिर्टोनं नवं कोरं मातीचं भांडं चुलीवरून उतरवलं. यरुशलेमहून आलेला यहूदी म्हातारा योएजर आज तिच्या ग्रीक घरात जेवणार होता. ख्रिस्तानं दिलेली मुक्ती ग्रीकांसाठीही आहे, त्यासाठी यहूदी व्हावं लागत नाही, असं त्यानंच सकाळी सांगितलं होतं. पण यहूदी माणूस परक्यांच्या पंगतीला बसत नाही, हे सगळ्या अंत्युखिया शहराला ठाऊक होतं. त्यात तिच्या नवऱ्याचं दुकान डुकराच्या मांसाचं, जे यहुद्यांना निषिद्ध. म्हातारा जेवला नाही, तर सकाळचं बोलणं नुसतं बोलणंच राहणार होतं.

म्हणून तिनं घर घासूनपुसून काढलं होतं, भांडी नवी आणली होती. पाहुण्याचं ताटही खिडकीपाशी वेगळं मांडलं होतं.

योएजरनं ते ताट उचललं आणि तो सगळ्यांच्या मधोमध येऊन बसला. डोळे मिटून त्यानं प्रार्थना केली. ते न उघडताच पहिला घास तोंडात टाकला आणि कडू काढा घ्यावा तसा गिळला.

"वाटलं होतं तितकं वाईट नाही," कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला. "डुकराचंच ना?"

"अळंबी आहे, बाबा," मिर्टो म्हणाली. "आज घरात मांस शिजवलंच नाही. तुमच्यासाठी."

"आणि मी वाटभर मनाची तयारी करत आलो. तुमच्यासाठी."

आधी तिचा नवरा हसला, मग सगळं घर. हसता हसता योएजरनं ताट पुढे केलं.

"वाढ पोरी. पहिल्या घासाची चवच कळली नाही."