आजारी पानं

दिशा कॉलेजात शेती आणि कॉम्प्युटर एकत्र शिकत होती. पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारं अ‍ॅप बनवायचं म्हणून मानपाड्याला आजोबांच्या गुंठाभर वांग्यांचे फोटो काढायला आली. पाहते तर एकूण एक पान धुऊनपुसून लख्ख. रोगट पानं आजोबांनी सकाळीच खुडून घमेल्यात गोणपाटाखाली झाकून ठेवली होती. “तुझे मास्तर बघतील ना, पोरी,” बांधावरून न उठताच ते म्हणाले. “आपली वांगी आजारी कशाला दाखवायची?” दिशाने कपाळाला हात लावला, मग हसत शेजारी टेकली. “आजोबा, रोग दाखवलाच नाही तर कॉम्प्युटर औषध सांगणार कसं?” आजोबांनी गोणपाट बाजूला केलं. मग त्यांनी घमेलं पुढे सरकवलं. ती वाकून पानं निवडू लागली, तसा त्यांनी लेंगा वर ओढला. गुडघा टम्म सुजलेला. “याचा पण फोटो काढ. दिवाळीपासून लपवलाय.”