दोन तिकिटांमधला दीड तास

सामानाचा पट्टा फिरायला लागला आणि पहिलीच बॅग तिची आली. पाठोपाठ दुसरी. ती पट्ट्याकडे नुसती बघत राहिली.

आज सगळंच कसं भराभर होत होतं. एरवी रडतखडत येणारं हे विमान चक्क वेळेआधी उतरलं होतं. धाकटा चार वर्षांचा, नको तिथे हमखास भोकाड पसरणारा. तोही शहाण्यासारखा चालत होता. परदेशी जाणारं पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं, तिकीट वेगळं काढलेलं. म्हणजे बॅगा ताब्यात घ्यायच्या, दोन पोरांना ओढत दुसऱ्या इमारतीत जायचं आणि सामान पुन्हा तोलून द्यायचं. एवढ्या सगळ्याला मध्ये दीड तास.

तिकिटवाल्याने तेव्हाच कपाळाला हात लावला होता. "वहिनी, ही दोन तिकिटं एकमेकांना ओळखत नाहीत. पहिलं रखडलं तर दुसरं थांबायचं नाही. मुलं आहेत बरोबर, निदान पाच तास तरी ठेवा."

"म्हणजे चुकलं तर कुणाच्याच हातात काही नाही?" तिने विचारलं होतं.

"कुणाच्याच नाही."

तरी तिने तीच तिकिटं घेतली. परदेशातल्या नवऱ्याने फोनवर तिची अक्कल काढली. तिने ऐकून घेतली. ऐकून घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आत्ताही फोन थरथरला, त्याचाच मेसेज. "उतरलीस ना? मग पळ. विमान चुकवलंस तर बघ."

तिने फोन पर्समध्ये खोल सारला.

लिफ्टपाशी ही मोठी रांग होती. ती मुकाट्याने शेवटी जाऊन उभी राहिली. पण विमानात शेजारी बसलेले जाडे काका कुठूनसे अवतरले. "अहो ताई, रांगेत काय उभ्या राहताय? सरका हो, लेकरं आहेत, यांचं विमान सुटेल!" रांग दुभंगली. काकांनी धाकट्याला खांद्यावर घेतलं आणि ते सामानाची गाडी ढकलत सुटले.

"विमान लवकर, बॅगा पहिल्या, वर फुकटचा हमाल!" ते धापा टाकत हसले. "आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन. काय?"

तिने हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"घाबरू नका. पोचवतोच तुम्हाला."

नऊ वर्षांची थोरली तिच्या हाताला लोंबकळत पळत होती. सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती.

दुसऱ्या इमारतीतल्या काउंटरवर चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या एक बाई उठायच्या बेतात होत्या. "आलात! बंदच करत होते. दम खा जरा." काकांनी धाकट्याला उतरवलं, लढाई जिंकल्यासारखा हात हलवला आणि ते आपल्या वाटेने गेले.

तिने पासपोर्ट पुढे केले. बाईंनी ते घेता घेता थोरलीकडे पाहिलं. "काय गं ठमाबाई, बाबांकडे चाललीस ना?"

थोरली आईच्या मागे सरकली. पोरीच्या पायांवरून लघवीचा ओघळ आला आणि फरशीवर पसरला.

आईने खाली पाहिलं. मग बाईंच्या हातातले पासपोर्ट तिने परत ओढून घेतले.

"आम्हाला उशीर झाला, असं लिहा."

"अहो, पण झालाय कुठे उशीर?"

"व्हायला हवा होता. त्यासाठीच दीड तास ठेवला होता मी." एकदा वाचा फुटली तशी ती थांबेना. "तिथे तो आम्हाला आत ठेवून बाहेरून कुलूप लावतो. दोन-दोन दिवस. नाही येत म्हणायची छाती नव्हती माझी. म्हटलं, विमानच चुकू दे, मग कुणाला काही बोलता येणार नाही. बहीण इथेच राहते. पण आज सगळे मदतच करतायत हो..."

बाई काउंटरवरून वाकल्या. फरशीकडे आणि मग पोरीच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं. घड्याळाकडे मात्र पाहिलं नाही. त्यांनी फोन उचलला.

"तीन प्रवासी आलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "मी काउंटर बंद करतेय."