काचपेटीवरचा कॅमेरा

पडदा याही वेळी काळाच राहिला. रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईंनी टॅब बंद करून पुन्हा चालू केला, तोंडावरचा मास्क सारखा केला आणि पलंगावरच्या बाळंतिणीला म्हणाल्या, "टॅब ठणठणीत आहे. घोळ तिकडे आहे, कॅमेऱ्याकडे. आज लावतेच मार्गी."

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "कशाला त्रास घेता?"

तिने टॅब त्यांच्या हातून घेतला आणि उशाशी पालथा ठेवला.

सिझेरियन होऊन तीन दिवस झाले होते. फुप्फुसात संसर्ग झाल्यामुळे तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. दिवस भरायच्या आतच आलेली तिची सव्वा किलोची मुलगी नव्या इमारतीत, काचेच्या पेटीत होती. आईने लेकीला अजून पाहिलंच नव्हतं. अशा आयांसाठीच प्रत्येक पेटीवर कॅमेरा बसवला होता, कारण तिथे मोबाइल न्यायला बंदी होती.

दाराबाहेर बाळाचे बाबा उभे होते. डोळे तांबारलेले, शर्ट कालचाच. "मॅडम, तुम्ही तरी सांगा तिला, नेटच बंद आहे म्हणून. मी सांगितलं की नुसती मान हलवते."

"सांगितलंय. शहाणी आहे हो तुमची बायको. एका शब्दाने कुरकुर नाही."

वॉर्डातल्या सिस्टरही तेच म्हणाल्या होत्या. "बाकीच्या आया आमचं डोकं खातात. ही समजूतदार. बाळाचा विषयसुद्धा काढत नाही." ऐकून बाईंना हायसं वाटलं होतं. काम करताना मानगुटीवर कोणी बसलेलं त्यांना चालत नसे.

नव्या इमारतीत पेट्यांच्या खोलीबाहेर, काचेच्या भिंतीलगत वायरींचं कपाट होतं. बाईंनी कॅमेऱ्याची वायर काढून तिथेच लॅपटॉप जोडला. लॅपटॉपला नेटवर्कवरचा पत्ता आला, पण एकशे एकोणसत्तरपासून सुरू होणारा. त्या चुकचुकल्या. नेटवर्कवर आलेलं यंत्र आधी हाक मारतं, मला पत्ता द्या. कोणीच ओ दिली नाही, की आपलं आपणच असला कामचलाऊ पत्ता लावून बसतं. त्या पत्त्यावर बाहेरचं कोणी पोचू शकत नाही.

पत्ते वाटणारा सर्व्हर जुन्या इमारतीत होता आणि ऑफिसच्या यंत्रांना बिनबोभाट पत्ते देत होता. म्हणजे तो धडधाकट होता. वायरीही नव्याकोऱ्या. मग बाईंनी मोर्चा वळवला दोन्ही इमारतींच्या वायरी जोडणाऱ्या मधल्या स्विचकडे. चारच दिवसांपूर्वी रुग्णालयाचं एकच मोठं नेटवर्क तोडून त्याची निरनिराळी व्हर्च्युअल नेटवर्कं केली होती. यंत्राची हाक आपल्या नेटवर्कची हद्द ओलांडत नाही. ती पुढे पोचवायला स्विचला तसं बजावून ठेवावं लागतं, एका ओळीत. ऑफिसच्या नेटवर्कला ती ओळ होती. वॉर्डांना होती. बाळांच्या नेटवर्कला नव्हती. कोणाच्या तरी हातून राहून गेली होती.

त्यांनी ओळ घातली. वायर परत कॅमेऱ्याला जोडून तो पुन्हा चालू केला. पत्ता नाहीच.

आता हाक सर्व्हरपर्यंत पोचत होती, नोंदीत स्वच्छ दिसत होती, पण सर्व्हरच गप्प होता. बाईंनी सरळ फरशीवर बसकण मारली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. काचेपलीकडे पिवळ्या टोपीतल्या एवढ्याशा जिवाने भलीमोठी जांभई दिली. "झोप तू," बाई पुटपुटल्या. "मी आहे जागी."

दहा मिनिटांनी सापडलं. सर्व्हरवर बाळांसाठी पत्त्यांचा साठा केलेला होता, पण त्यांच्या चाळीस नंबरच्या नेटवर्कऐवजी एक्केचाळीस टाइप झालं होतं. आणि एक्केचाळीस नंबरचं नेटवर्क अख्ख्या रुग्णालयात नव्हतंच! बाईंनी एक आकडा बदलला. क्षणभरात कॅमेऱ्याला खरा पत्ता मिळाला.

त्या जवळजवळ पळतच बाळंतिणीच्या खोलीत आल्या. मास्क, गाऊन चढवून त्यांनी उशाजवळचा टॅब उचलला. पडद्यावर पिवळी टोपी होती, नळ्या होत्या, अंगठ्याएवढा पाय होता.

"बघा, आली तुमची लेक!"

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. वळली, पण लगेच पडद्याकडे पाहिलं नाही. आधी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. बराच वेळ.

"हे आत्ताचं आहे?"

"म्हणजे?"

"का आधी कधी काढून ठेवलेलं?"

बाईंच्या ओठावर आलेली थट्टा तिथेच विरली. त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला आणि बाळांच्या सिस्टरना लावला. "जरा त्या पिवळ्या टोपीच्या पायाला हात लावा. हो, आत्ता. आई बघतेय."

पडद्यावर हातमोज्यातला हात आला. एका बोटाने तळव्याला गुदगुली केली. इवलासा पाय झटकन वर गेला, आणि काही आवाज येत नसला तरी बाळाने रागाने तोंड वाकडं केलेलं स्पष्ट दिसलं.

आईच्या तोंडून हुंदका फुटला. तिने दोन्ही हातांनी टॅब धरून छातीशी घेतला, पुन्हा दूर धरून पाहिला, पुन्हा छातीशी घेतला. टाके दुखत असणार, पण तिला त्याचं भान नव्हतं. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"वेडी आहेस का गं," त्या म्हणाल्या. "तीन दिवस मनात हे घेऊन पडलीस? एकदा विचारायचं तरी."

तिने डोळे पुसले नाहीत. नजर पडद्यावरच होती.

"मागच्या बाळाच्या वेळीही बाळ दाखवायचं मशीन बंद आहे असंच सांगत होते, ताई. तेव्हा मी विचारलं होतं."