सातवा प्रश्न

“सांगा बाई, प्रभू येशूला यार्देन नदीत बाप्तिस्मा कोणी दिला?”

सखुबाईनं खाली पाहिलं. कयाधूचं पाणी तिच्या घोट्यांना लागत होतं. पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरं तिनं फाडफाड दिली होती. सातवा आला आणि तिची दातखीळ बसली.

गेल्या साली हेच झालं होतं. त्याच्या आदल्या सालीही हेच. पैनगंगेपलीकडच्या इंग्रजी वऱ्हाडातून दोन दिवस बैलगाडी हाकत मोगलाईत येणारे हे तरुण पाद्रीसाहेब स्वभावानं गोड, पण नियमाला पक्के. लहानपणापासून मिशनच्या बोर्डिंगात वाढलेले. सातही उत्तरं आल्याशिवाय बाप्तिस्म्याचं पाणी नाही म्हणजे नाही. दोन्ही वेळा त्यांनी वही मिटली आणि “पुढच्या वर्षी,” म्हटलं. पन्नाशी उलटलेल्या बाईला पुढच्या वर्षाचं काय सांगता!

काठावर तिचा नवरा सोनाजी उभा होता. तीन वर्षांमागं, जुने पाद्री होते तेव्हा, त्यानं याच नदीत पाणी घेतलं होतं. सखुबाई त्या दिवशी हिवतापानं फणफणलेली, म्हणून मागं राहिली, ती राहिलीच. प्रभुभोजनाची भाकर पाणी घेतलेल्यांनाच; ती घ्यायला सोनाजी पुढं जायचा आणि ती दारापाशी दुसऱ्यांची लेकरं सांभाळत बसायची. भाकरीचा तो तुकडा त्याच्या घशाखाली उतरत नसे.

तिनं एकदाच विचारलं होतं, “मेल्यावर तुमी एकीकडं आन् मी एकीकडं, चालतंय का तुमाला?”

त्याला चालणार नव्हतं. तेव्हापासून म्हाताऱ्यानं तिची शिकवणीच लावली. ती जात्यावर बसली की हा समोर उकिडवा. सहा प्रश्न जात्याच्या घरघरीत पार पडायचे. सातवा आला की बाई गालात हसायची आणि जातं जोरात फिरवायची.

“योहान! एवढं उलीसं नाव हाय, म्हन की!” सोनाजी कपाळ बडवून घ्यायचा.

“चला, कायतरीच तुमचं!” ती म्हणायची.

आजही पाद्रीसाहेबांनी वही मिटायला घेतली. मग त्यांना राहवलं नाही. “बाई, उत्तर येतं का तुम्हाला?”

“येतं.”

“मग काहून सांगत नाही?”

सखुबाईनं पदर पुढं ओढला आणि हनुवटीनं काठाकडं खूण केली. “ह्यांनी.”

पाद्रीसाहेब चक्रावले. “यांनी? प्रभू येशूला?”

वस्तीतली पोरं खिदळली. सोनाजी दोन पावलं पुढं आला. मग “आत्ता माझ्या कर्मा!” म्हणत धोतरासकट पाण्यात शिरला.

“साहेब, योहान म्हंजी मीच की! जुन्या साहेबांनी पानी घालून मला तेच नाव दिलं. बघा तुमच्या वहीत.”

वहीत तसंच होतं. सोनाजी, ऊर्फ योहान. त्या नावानं त्याला कुणी हाक मारत नसे. तो स्वतः साफ विसरून गेला होता. बायको तेवढी विसरली नव्हती. नवऱ्याचं नाव तोंडात घ्यायचं नाही, मग ते बारशात ठेवलेलं असो की नदीत. त्या एका नावापायी ही बया दोन वर्षं स्वर्गाच्या दाराबाहेर उभी राहिली. आता अशा बाईला रागवावं की तिच्या पाया पडावं?

पाद्रीसाहेबांना हसू आवरेना. पण नियम आडवा आलाच. “उत्तर तोंडानं द्यावं लागतं, बाई. खुणेनं चालत नाही.”

सखुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. बोलावं तर नवऱ्याचं नाव ओठावर, न बोलावं तर हेही वर्ष गेलं. इकडं आड, तिकडं विहीर. तिनं नदीतून बाहेर यायला पाऊल उचललंसुद्धा.

तेवढ्यात काठावरून शेजारची पार्वतीबाई ओरडली, “अवं, लग्नात घेतलं तसं घ्या की! उखान्यात घ्या!”

उखाण्यात सगळं माफ असतं. सखुबाई थांबली. डोळे पुसले, मान खाली घातली आणि एका दमात म्हणाली,

“यार्देन नदीचं पानी दोनी थडी भरून,
योहानरावांनी देवाला न्हाऊ घातलं हात धरून!”

काठावर हशा आणि टाळ्यांचा नुसता गलका झाला. पाद्रीसाहेबांनी वहीत सातव्या प्रश्नापुढं बरोबरची खूण केली. वही सोनाजीच्या हातात दिली, बाह्या वर सारल्या आणि ओंजळीत पाणी घेतलं. सखुबाईनं डोईवरचा पदर मागं केला. तिचे पिकले केस उन्हात उघडे पडले. तिनं डोळे मिटून घेतले.

ओंजळ तिच्या डोक्यावर येऊन थांबली.

“नवं नाव काय ठेवायचं?” पाद्रीसाहेबांनी विचारलं. “मरियम? मार्था?”

सखुबाई काही बोलायच्या आत सोनाजी पुढं झाला. वही छातीशी धरून तो खालच्या आवाजात म्हणाला,

“पानी नवं घाला साहेब, पन नाव सखूच राहू द्या. चाळीस वर्सं झाली लग्नाला, म्या एकदा बी त्या नावानं हाक मारली न्हाई. कोरंच हाय ते.”