गाळलेला आवाज

इचलकरंजीत यंत्रमागाच्या एका रिकाम्या शेडमध्ये तस्लीमने घरी बनवलेली वाद्यं मांडली होती. जुन्या रेडिओचे भाग, बिस्किटांचे डबे, तांब्याच्या पट्ट्या. दोघांनी एकेक पट्टी धरायची आणि एकमेकांचा हात हातात घ्यायचा, की डबा गाऊ लागायचा.

सुवर्णा आणि तिचा नवरा धनाजी यांनी हात धरले, पण सुवर्णाला काहीच ऐकू आलं नाही.

"काकू, कानातली गाळणी काढा," तस्लीम म्हणाली. "तिला हा गोंगाटच वाटतो."

सुवर्णा जरा कचरली. मागांचा खडखडाट नको म्हणून गावात सगळेच गाळणी घालायचे. पंखा, मिक्सर, रोजचा कुठलाही आवाज ती हळूहळू ओळखायची आणि वगळून टाकायची. कुणाच्या लक्षातही यायचं नाही. सुवर्णा तर ती झोपतानाही काढत नसे.

तिने गाळणी काढली. डबा जाडसर, मायाळू आवाजात घुमत होता. मध्येच एक बारीक शिट्टी वाजत होती.

"तस्लीम, तुझी वायर ढिली झालीय बघ," असं म्हणत तिने धनाजीचा हात सोडला. डबा गप्प झाला. शिट्टी चालूच राहिली. ती धनाजीच्या छातीतून येत होती, प्रत्येक श्वासाला.

"अहो, हे कधीपासून?"

"झालं की वर्ष," धनाजी म्हणाला. "मला वाटायचं, गाळणी मागांचाच आवाज गाळते. म्हटलं, हिला ऐकू येतंय, पण ही विचारत नाही."

सुवर्णाने गाळणी पर्समध्ये टाकली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्याच्या छातीला कान लावला.