नाव घातलेली भांडी

महिना संपला की खात्यातली शिल्लक आपोआप विरून जाई. लोक खर्च करत राहिले तरच बाजार चालतो, असं मध्यवर्ती बँकेचं म्हणणं होतं. निहारचं श्रवणयंत्र मात्र एका पगारात बसणारं नव्हतं. म्हणून त्याची आई शाल्मली दर महिन्याला स्टीलची भांडी घेऊन माळ्यावर ठेवायची. हल्ली सगळेच दुकानदार कोऱ्या भांड्यांच्या बदल्यात माल देत.

आज श्रवणयंत्रवाल्याने तिच्या पोत्यातलं पहिलंच पातेलं उलटसुलट करून पाहिलं.

"ताई, हे पुढे कोणाला खपवू? नाव घातलंय."

प्रत्येक भांड्यावर कोरलं होतं, चि. निहार.

"आई, हे कधी केलंत?" शाल्मलीने सोबत आलेल्या सासूबाईंना विचारलं.

"तू ऑफिसला गेलीस की. घरात बिननावाचं भांडं ठेवतात का कुणी?" सासूबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "त्याच्यासाठीच आहेत म्हणालीस, म्हणून त्याचं घातलं."

शाल्मलीचा फोन वाजला. नवा पगार जमा झाला होता, महिनाअखेरपर्यंत टिकणारा. तिने पोतं बांधलं. आता पुन्हा पहिल्या पातेल्यापासून सुरुवात.

"चल रे निहार," सासूबाईंनी हाक मारली.

दारात उभा असलेला निहार रस्त्याकडेच बघत राहिला.