किरकोळ कारणावरून

‘किरकोळ कारणावरून खून’ अशी बातमी आली, की नाशकात द्वारका चौकात भाजीचा टेम्पो लावून चिमाजी ती चहावाल्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, “डोकी फिरलीत लोकांची!”

आज तोच पेपर त्यानं नाशिकच्या कोर्टाच्या व्हरांड्यात, दोन महिला पोलिसांच्या मधे बसलेल्या आपल्या बायकोपुढं आपटला. ‘शेळी वाफ्यात शिरल्याच्या किरकोळ कारणावरून महिलेने शेजाऱ्याला कोयत्याने तोडले.’

“मंगल, एका शेळीपायी सात घाव? मुंडकं लोंबत होतं देवरामचं! मेथीचा सगळा वाफा लाल झालाय. घरात पोरगी आठ दिवस तापानं फणफणलीये, शाळेत जात नाय, कोणाशी बोलत नाय, अन् तुला शेळीचा राग आला?”

मंगलच्या नखांत अजून रक्त वाळलेलं होतं. ती शांतपणे म्हणाली, “शेळीचं मीच सांगितलं पोलिसांना.”

“अगं, पण लोक थुंकतात माझ्या तोंडावर! किरकोळ म्हणं, किरकोळ!”



“असू द्या किरकोळ.” ती त्याच्या कानाशी वाकून कुजबुजली, “आपल्या आशाचं नाव त्यात कुठं आलं नाय ना, तेवढं नीट बघा.”